अकलूजची वाईन, इटलीची रीत आणि आमचा संत्रा

शेतकऱ्याने माल पिकवावा आणि त्याचा भाव मात्र दुसऱ्याने ठरवावा, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. कापूस असो, द्राक्ष असो वा संत्रा असो. माल झाडावर असेपर्यंत तो शेतकऱ्याचा, आणि बाजारात उतरला की तो अडत्याचा. आमची सारी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. सात-बाराचे उतारे तपासता तपासता डोळ्यांस चष्मा लागला. त्या उताऱ्यावर क्षेत्र किती, पीक कोणते, पाण्याची सोय काय, हे सर्व नमूद असते. परंतु त्या पिकापासून शेतकऱ्याच्या घरात काय आले, हे लिहिण्यास एकही रकाना नाही. तो रिकामा रकाना भरण्याचा यत्न ज्यांनी केला, अशा दोन घराण्यांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. एक घराणे इटलीतील आहे व दुसरे आपल्याच महाराष्ट्रातील.

दोहोंचा धंदा वाईनचा, म्हणजे द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाचा आहे. हे ऐकून कित्येक सुज्ञ वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. मद्याचा पुरस्कार करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्याविषयी आमचे म्हणणे पुढे स्वतंत्र येईल. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते इतकेच की, चार दिवसांत नासणाऱ्या फळाचे चार वर्षे टिकणारे द्रव्य कसे होते, आणि त्या खटाटोपात शेतकऱ्याच्या पदरात काय पडते.

फेस कोठून येतो

इटलीची फसफसती पांढरी वाईन जगभर प्रसिद्ध आहे. बाटलीचे बूच काढताच ती फेसाळून वर येते. पुष्कळांची समजूत अशी की, सोडावॉटरप्रमाणे तिच्यात वरून हवा भरलेली असते. हलक्या मालात तसे करतातही. परंतु अस्सल मालाचा फेस हा त्याच्या अंगचा असतो. आपल्या घरी इडलीचे वा जिलबीचे पीठ रात्रभर ठेवले म्हणजे फुगते. त्यातील सूक्ष्म जीव साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू सोडतात. द्राक्षाच्या रसातही तेच घडते. साखरेचे मद्य होते व वायू उडून जातो. ही झाली साधी वाईन. मग त्या तयार वाईनमध्ये पुन्हा थोडी साखर व किण्व घालून ती बंद भांड्यात ठेवतात. या दुसऱ्या खेपेस वायूस बाहेर पडण्यास वाट नसते. तो वाईनमध्येच विरघळून राहतो. हिशेब असा आहे की, एका लिटरास सुमारे चार ग्रॅम साखर घातली म्हणजे एक वातावरण इतका दाब वाढतो. चोवीस ग्रॅम घातली तर सहा वातावरणांपर्यंत जातो. मोटारीच्या चाकातील दाबाच्या हा दुपटीहून अधिक होय. म्हणूनच या बाटल्या जाड काचेच्या असतात व बुचास तारेची जाळी बांधावी लागते.

हे दुसरे आंबवणे करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात व इटलीच्या फ्रान्चाकोर्ता भागात ते प्रत्येक बाटलीत निरनिराळे करतात. ती बाटली महिनोन् महिने तळघरात आडवी ठेवावी लागते. शॅम्पेनास कमीत कमी पंधरा महिने, तर फ्रान्चाकोर्तास अठरा महिने लागतात. दुसरी तऱ्हा टाकीची आहे. आस्ती येथील फेदेरिको मार्तिनोत्ती या शास्त्रज्ञाने १८९५ साली बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत आंबवण्याची युक्ती काढली. १९०७ साली शार्मा नामक फ्रेंच गृहस्थाने ती सुधारली. या रीतीने महिन्या-दोन महिन्यांत माल सिद्ध होतो, खर्च कमी पडतो व फळाचा मूळ वास टिकतो. प्रोसेको या नावाने ओळखली जाणारी इटालियन वाईन बहुतांशी याच रीतीने होते. अलीकडे प्रोसेकोच्या वर्षाला साठ कोटींहून अधिक बाटल्या निघतात.

कोनेल्यानोचे घराणे

या धंद्याचे एक मूळपीठ म्हणजे इटलीच्या वेनेतो प्रांतातील कोनेल्यानो हे गाव. तेथे आन्तोनियो कार्पेने या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली वाईनचा कारखाना काढला. त्या काळी त्या टेकड्यांवरील द्राक्षांस विशेष किंमत नव्हती. कार्पेने यांनी त्याच द्राक्षांची फसफसती वाईन केली. परंतु त्यांचे खरे मोठेपण आम्हांस दुसऱ्याच गोष्टीत दिसते. १८७६ साली त्यांनी चेरलेत्ती या सहकाऱ्यासह कोनेल्यानोत वाईनशास्त्राची शाळा स्थापन केली. कारखाना घरचा, पण विद्या गावाची, असा त्यांचा बाणा होता. ती शाळा आजही चालू आहे. त्यांचे चिरंजीव एतिले यांनी १९२४ साली बाटलीच्या चिठ्ठीवर प्रोसेको हे नाव प्रथम छापले. पुढे पाच पिढ्यांपर्यंत हा धंदा त्या घराण्यात राहिला.

या नावाची कथा आमच्या बागाईतदारांनी लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. प्रोसेको हे पूर्वी द्राक्षाच्या जातीचे नाव होते. जातीच्या नावावर कोणा एकाचा हक्क चालत नाही; जगात कोणीही ते वेल लावून तेच नाव छापू शकला असता. २००९ साली इटलीने असा तोडगा काढला की, द्राक्षाच्या जातीस ग्लेरा हे जुने नाव द्यावयाचे आणि प्रोसेको हे नाव भूमीशी बांधावयाचे. त्रिएस्त शहराजवळ प्रोसेको नावाचे एक खेडे आहेच. त्याचा आधार घेऊन वेनेतो व फ्रिउली या प्रांतांतील नऊ जिल्ह्यांचा एक प्रदेश आखला. त्या सीमेच्या आत, किमान पंच्याऐंशी टक्के ग्लेरा द्राक्षापासून झालेल्या वाईनलाच ते नाव मिळते. हेक्टरी अठरा टनांपेक्षा अधिक द्राक्ष घेण्यास मनाई आहे. कोनेल्यानो व वाल्दोब्यादेने यांच्या जुन्या टेकड्यांवर तर साडेतेरा टनांचीच मर्यादा आहे. पीक वाढवा, हा उपदेश आपण नित्य ऐकतो. तेथे पीक आवरा, असा नियम शेतकऱ्यांनी स्वतःवर घालून घेतला आहे. कारण, अधिक पीक म्हणजे पातळ रस, आणि पातळ रस म्हणजे नावास बट्टा.

त्या टेकड्या फार उभ्या चढाच्या आहेत. तेथे दगडी बांध न घालता गवताच्या ताली राखून माती धरून ठेवली आहे, आणि पुष्कळ काम हातानेच करावे लागते. २०१९ साली युनेस्कोने त्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला.

मात्र सर्वच शेतकऱ्यांपाशी कार्पेने घराण्यासारखे भांडवल व विद्या कोठून असणार? तेथील लहान शेतकऱ्यांनी दुसरी वाट धरली. १९५२ साली वाल्दोब्यादेने येथे १२९ द्राक्षउत्पादकांनी मिळून सहकारी वाईनघर काढले. द्राक्षे प्रत्येकाच्या मळ्यातील, टाक्या व यंत्रे सर्वांच्या मालकीची, आणि विक्री एका नावाने, अशी ती व्यवस्था आहे. घराण्याचा कारखाना व सहकारी कारखाना एकाच टेकडीवर शेजारी शेजारी नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

अकलूज येथील प्रयोग

आता आपल्या मुलखाकडे वळू. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, नीरा नदीच्या काठी अकलूज हे गाव आहे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या साखर कारखान्यामुळे ते महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. त्याच घराण्यातील रणजितसिंह व अर्जुनसिंह हे बंधू, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी हे बंधू आणि इटलीचे आलेस्सियो व आंद्रेआ सेच्ची हे बंधू, असे तीन घराण्यांतील सहा जण एकत्र आले आणि २००७ च्या सुमारास त्यांनी तेथे वाईनचा धंदा उभा केला. इटालियन भाषेत भावांस फ्रातेली म्हणतात. तेच नाव त्यांनी कारखान्यास दिले. तस्कनी प्रांतातील पिएरो मासी हे जाणते वाईनकार त्यांस सातवे मिळाले. या सात जणांच्या संख्येवरून त्यांनी आपल्या एका तांबड्या वाईनचे नाव सेत्ते, म्हणजे सात, असे ठेविले.

गारवाड, मोटेवाडी व निमगाव येथे त्यांचे मळे आहेत. तस्कनीचे सांजोवेझे हे तांबडे द्राक्ष त्यांनी माळशिरसच्या मातीत रुजविले; पांढऱ्या जातींपैकी चेनिन ब्लांक, सोविन्यों ब्लांक व शार्दोने यांची लागवड केली. साध्या वाईनबरोबर फसफसती पांढरी वाईनही तेथे निघते. ती इटलीच्या मदतीने झाली असली तरी तिला प्रोसेको म्हणता येत नाही, कारण ते नाव त्या नऊ जिल्ह्यांचे आहे. अकलूजकरांस आपले नाव आपणच कमवावे लागले.

सोलापूर जिल्ह्यास द्राक्ष नवे नाही. याच जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका ही खाण्याच्या द्राक्षाची जात शोधून काढली, ती सर्वत्र पसरली. परंतु खाण्याचे द्राक्ष निराळे व वाईनचे निराळे. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा, साल पातळ व बी नको, असे पाहतात. वाईनच्या द्राक्षात मणी लहान, साल जाड व बी असते. आपल्या हवेचाही फरक आहे. इटलीत थंडीत वेल झोपी जातो व ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्ष उतरते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत द्राक्ष हाती येते. फसफसत्या वाईनसाठी तर ते थोडे आधीच उतरवावे लागते, कारण तिला साखर कमी व आंबटपणा अधिक लागतो. आपल्या उन्हात साखर चढावयास वेळ लागत नाही, आंबटपणा मात्र पाहता पाहता उतरतो. चार दिवसांची दिरंगाई झाली तर सारा हंगाम हातचा जातो. द्राक्ष पहाटेच्या गारव्यात तोडावयाचे, तत्काळ पिळावयाचे आणि रस थंड टाक्यांत ठेवावयाचा. म्हणून वाईनघर मळ्याच्या जवळच असावे लागते. ज्याचा मळा त्याचेच वाईनघर असण्यात खरा लाभ आहे तो हा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोहिते-पाटील हे सामान्य शेतकऱ्याचे घराणे नव्हे. साखर कारखाना, सहकार व राजकारण यांत त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत. वेल लावल्यापासून बाटली विकली जाईपर्यंत तीन-चार वर्षे पैसा नुसता जातो, येत नाही. ते सोसण्याची ताकद त्यांच्यापाशी होती. ज्याच्या घरी पुढच्या हंगामाचे बियाणे कर्जाने येते, त्याने त्यांची नक्कल करू नये.

कर्जाचा धडा

नक्कल करू नये, असे आम्ही म्हणतो यास कारण आहे. महाराष्ट्रात फसफसत्या वाईनचा पहिला मोठा कारखाना अकलूजचा नव्हे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने इंडेज हा कारखाना काढला. त्यांची ओमर खय्याम नावाची फसफसती वाईन परदेशीही गेली. भारतात असा माल होऊ शकतो, हे त्यांनीच प्रथम जगास दाखविले. हा मान त्यांस दिलाच पाहिजे.

पुढे २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईनवरील उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईनसाठी औद्योगिक वसाहती काढल्या. नाशिककडे राजीव सामंत यांनी १९९७ पासून लागवड करून २००० साली सुला हा कारखाना सुरू केला होताच. पाहता पाहता कारखान्यांचे पेव फुटले. पुष्कळ शेतकऱ्यांनी खाण्याचे द्राक्ष काढून वाईनचे लावले. इतक्यात २००८ साली जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. बड्या हॉटेलांतील गिऱ्हाईक आटले आणि वाईनचा खप बसला. टाक्या भरलेल्या, नवे द्राक्ष दारात उभे, आणि बँकेचे व्याज मात्र चालूच, अशी गत अनेकांची झाली. देशात व परदेशात कर्ज काढून फार पसरलेला इंडेज हा कारखानाही त्यात टिकला नाही. अनेक शेतकऱ्यांनी वाईनचे वेल मुळासकट उपटले. खाण्याचे द्राक्ष निदान गावच्या बाजारात विकता येते; वाईनचे द्राक्ष कारखान्याने नाकारले तर ते कोणी विकत घेत नाही.

यावरून बोध एवढाच घ्यावयाचा की, ज्या मालास एकच खरीददार, त्याचा करार कागदावर पक्का असल्याखेरीज एक वेलही लावू नये. करारात भाव, वजन, उचल करण्याची तारीख व पैसे देण्याची मुदत या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. तोंडी वचनावर बाग उभी करणारा मनुष्य दुसऱ्याच्या कर्जास आपल्या जमिनीचे तारण देतो.

मद्याचा प्रश्न

आता त्या आठ्यांकडे येऊ. आमच्या नागपुराला लागूनच वर्धा जिल्हा आहे, तेथे गांधीजींच्या वास्तव्यामुळे दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ साली लोकांनी चळवळ करून दारूबंदी मिळविली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. या भागातील मायबहिणींनी दारूपायी काय सोसले, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. खात्याच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना कर्जापायी गेलेल्या जमिनींच्या मागे बाटली उभी असलेली आम्ही पाहिली आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचे हित हे कारण सांगितले गेले. परंतु विरोध इतका झाला की तो अमलात आला नाही.

वाईन ही देशी दारूहून सौम्य आहे, हे खरे. पण सौम्य म्हणून ती निर्दोष ठरत नाही. आणि शेतकऱ्याचे हित साधण्यास मद्याखेरीज दुसरा मार्गच नाही, हे म्हणणे तर आम्हांस मुळीच पटत नाही. वाईनच्या धंद्यातून घ्यावयाचे ते व्यवस्थेचे ज्ञान. भांडे घ्यावे, त्यातले द्रव्य घेतलेच पाहिजे असे नाही.

संत्रा बागाईतदारांनी काय घ्यावे

आमच्याकडे वाईनचे द्राक्ष लावा, असे कोणी सांगेल तर त्याचे ऐकू नये. माळशिरसकडील कोरड्या हवेच्या मानाने नागपुरास सुमारे दुप्पट पाऊस पडतो, आणि द्राक्षास दमट हवेत रोग फार. आमची लक्ष्मी संत्रा ही आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात आंबिया व मृग असे दोन बहार धरतात. पुष्कळ बागाईतदार बहार झाडावरच उक्ता देऊन मोकळे होतात. उरलेला माल कळमन्याच्या बाजारात येतो, आणि ज्या दिवशी गाड्या फार त्या दिवशी भाव पडतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, म्हणून सोलण्यास सोपा. पण त्याच कारणाने तो टिकण्यास कच्चा. दहा-पंधरा दिवस थांबू शकेल असा माल नसल्यामुळेच भाव दुसऱ्याच्या हाती जातो.

मग रस का काढू नये? येथे एक अडचण आहे, ती जाणकार बागाईतदारांस ठाऊक आहे. या संत्र्याचा रस काढून ठेवला, किंवा टिकाऊ करण्यासाठी तापविला, की त्यास कडवटपणा येतो. लिमोनिन नावाचे द्रव्य यास कारण आहे. म्हणजे नुसते यंत्र आणून भागत नाही, शास्त्र पाहिजे. कोनेल्यानोत कार्पेने यांस शाळा काढावी लागली. आमच्या नागपुरात तर अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था १९८५ पासून उभी आहे, आणि हा कडवटपणा घालविण्यावर तेथे काम झाले आहे. विद्या दारात आहे. दार मात्र आपणच ठोठावले पाहिजे.

नावाचेही तसेच. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाचा कागद कपाटात ठेवून भाव मिळत नाही. प्रोसेकोवाल्यांनी सीमा आखली, पिकाची मर्यादा घातली, तपासणी बसविली आणि खोट्या नावाचा माल पकडण्याची व्यवस्था केली. आमच्याकडे मात्र कोणत्याही गावचा संत्रा नागपुरी म्हणून खपतो आणि आम्ही ते उघड्या डोळ्यांनी पाहतो.

तात्पर्य, दोन्ही घराण्यांच्या हकीकतीतून आम्ही पुढील गोष्टी काढितो.

१. प्रक्रिया मळ्याजवळ असावी. माल ज्या दिवशी तोडला त्याच दिवशी तो कामी लागला पाहिजे.

२. घराण्यापाशी भांडवल असेल तर एका घराण्याने धंदा करावा. नसेल तर वाल्दोब्यादेनेच्या १२९ जणांप्रमाणे एकत्र यावे. अर्धवट भांडवलावर एकट्याने उडी घेऊ नये.

३. पहिली तीन वर्षे उत्पन्न नाही, असे धरूनच हिशेब मांडावा. ज्याला हे जमत नाही, त्याने कर्जाच्या अर्जावर सही करू नये.

४. खरीददाराशी करार लेखी करावा.

५. नाव हे सर्वांचे धन आहे. एकाने खराब माल त्या नावाने विकला तर गाव बुडते.

आपल्या मंडळाच्या सभासदांनी निदान पाचव्या कलमापासून तरी आरंभ करावा, असे आम्हांस वाटते, कारण त्यास भांडवल लागत नाही, नुसता निर्धार लागतो. एका गावच्या वीस-पंचवीस बागाईतदारांनी माल एकत्र प्रतवार लावून, खोक्यावर गावाचे नाव घालून, एक बहार जरी विकून पाहिला, तरी सात-बाराच्या उताऱ्यावर नसलेला तो रकाना त्यांच्या वहीत भरलेला दिसेल. इत्यलम्.

— एक निवृत्त महसूल कारकून, नंदनवन, नागपूर